शनीची कडी, गच्चीचं कुलूप

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं आमच्या मॅगझिनवाल्या सीनिअरने सांगितलं तेव्हा मी आधी पळवाट शोधली. केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढलेली मुलगी मी. आमच्याकडे मराठीचे आठवड्याला चार पिरियड, त्यातले दोन पी.टी.ला जायचे. माझं ऱ्हस्व-दीर्घ आणि माझं एम-थ्री यांची गत एकच : काठावर पास. तेव्हा वाचकहो, चुका दिसल्या तर पोटात घाला.

तर विषय आहे शनी. हसू नका. लहानपणी माझ्या डोक्यात दोन वेगवेगळी माणसं होती. एक सॅटर्न. तो वर्गातल्या चार्टवर असायचा, पिवळसर, गोल, हॅट घातल्यासारखा गोंडस. दुसरा शनी. तो लांज्याला आजीच्या घरी असायचा. त्याच्यासाठी शनिवारी मारुतीला तेल, त्याच्यासाठी उपास, आणि घरात काहीही बिघडलं की नाव त्याचंच. हे दोघं एकच आहेत हे मला सहावीत कळलं, तेव्हा मला खरंच धक्का बसला. सातवीत एका मराठी पुस्तकात ‘शनीची कडी’ असं वाचलं आणि मी आजीला विचारलं, “शनीच्या दाराला कडी कशाला लावलीये?” आजी पोट धरून हसली. कडं, अनेकवचन कडी, हे व्याकरण मला त्या दिवशी समजलं. पण दाराची कडी काही डोक्यातून गेली नाही. ती या लेखात पुढे येणार आहे.

आता मुद्द्यावर येते. माझी रूममेट (तिला विचारून लिहितेय, नाव टाकायचं नाही या अटीवर) मेष राशीची. २९ मार्च २०२५ ला पंचांगाप्रमाणे शनी मीन राशीत गेला आणि मेषवाल्यांची साडेसाती सुरू झाली. त्याच सेमला तिला एम-थ्रीची केटी लागली. झालं! घरून फोनांची रांग. कुणीतरी पत्रिका पाहून सांगितलं की या वर्षी परीक्षेला बसून उपयोग नाही, बसलीस तरी उडणार. अकराशे रुपयांची पूजा झाली. आणि ही बया केटीचा फॉर्मच भरेना! रात्री दोन वाजता कॉटवर बसून मला म्हणते, “अगं, वेळच वाईट आहे तर अभ्यास करून काय होणार?” हुशार मुलगी. मला लाप्लास ट्रान्सफॉर्म तिनेच शिकवला. ती जेव्हा असं म्हणाली तेव्हा मला पहिल्यांदा शनीचा खरा राग आला. मग वाटलं, रागवायचं तर निदान माणूस, म्हणजे ग्रह, नीट ओळखून तरी रागवावं. म्हणून लायब्ररीत बसले, थोडं नेटवर पाहिलं, थोडं कॅल्क्युलेटरवर. त्यातून जे हाती लागलं ते हे.

पहिली गोष्ट नावाची. शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत सर्वांत सावकाश सरकतो तो हाच, कारण तो सूर्यापासून सरासरी १४३ कोटी कि.मी.वर आहे आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. साडेएकोणतीसला बारा राशींनी भागा : एका राशीत जवळजवळ अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी मिळून साडेसात. म्हणजे साडेसाती हा मुळात एक भागाकार आहे! आणि हे मोजणारे लोक काही ऐरेगैरे नव्हते. दुर्बीण नाही, कॅल्क्युलेटर नाही, नुसत्या डोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एका ठिपक्याचा पाठलाग करून त्यांनी त्याची गती काढली आणि नावातच लिहून ठेवली. मला त्यांचं भयंकर कौतुक वाटतं. आपल्याच दापोलीजवळच्या मुरूडला १८५३ मध्ये जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी या सगळ्या गणिताचा इतिहास मराठीत लिहिला, १८९६ साली. पेशाने शिक्षक होते ते. आमच्यापैकी कितीजणींना हे नाव ठाऊक आहे? मलाही गेल्या वर्षीपर्यंत नव्हतं.

पण भागाकार पुढे चालवा ना! बारापैकी तीन राशी म्हणजे कुठल्याही दिवशी चारातल्या एकाला साडेसाती असते. साठजणांच्या वर्गात सरासरी पंधरा. आमच्या एम-थ्रीला लागलेल्या केट्या याहून कितीतरी जास्त होत्या, म्हणजे बाकीच्यांना कुणी पाडलं? आणखी एक : प्रत्येकाच्या आयुष्यात साडेएकोणतीस वर्षांतली साडेसात वर्षं साडेसातीची. इंजिनिअरिंग चार वर्षांचं. या चार वर्षांत कुठेतरी साडेसातीचा तुकडा येण्याची शक्यता काढली तर (साडेसात अधिक चार) भागिले साडेएकोणतीस, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के. दर पाचातले दोघं! आणि माझ्या रूममेटची तर २०३२ पर्यंत चालायची आहे. तोवर फॉर्म भरायचा नाही?

आपल्याच राज्यात याची एक चाचणीही झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गटांच्या पत्रिका गोळा केल्या, एक हुशार मुलांचा आणि एक मतिमंद मुलांचा, आणि ज्योतिषांना सांगितलं, ओळखा कोणती कुणाची. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, प्रत्येकाला ४० पत्रिका. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. हा निबंध २००९ मध्ये छापून आला. आमच्याकडे ४६ टक्क्यांना पास म्हणतात, पण इथे ते चालणार नाही.

बरं, राशी सोडा. शनी खरोखर आपल्याला ओढतो तरी किती? हे मी स्वतः काढलं, फर्स्ट इयरच्या फॉर्म्युल्याने. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, बापरे! पण तो पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही सुमारे १२८ कोटी कि.मी. दूर असतो आणि खाली अंतराचा वर्ग आहे. उत्तर येतं ते असं : दहा टनांची एस.टी. तुमच्यापासून साडेपाच मीटरवर उभी असेल तर ती तुम्हाला जेवढी ओढेल, तेवढंच शनी ओढतो. म्हणजे आपल्या रत्नागिरी स्टँडवर लांज्याच्या गाडीची वाट बघत उभं राहिलं की एकेका फलाटावर एकेक शनी लागलेला असतो. त्या एस.टी.ने कुणाची केटी लागल्याचं ऐकिवात नाही. (गाडी लेट आल्याने पेपर बुडाल्याचं ऐकलंय, पण ते वेगळं.)

आता खुद्द त्याच्याकडे बघू, कारण हाच भाग मला सर्वांत आवडला. आणि मेकॅनिकलवाल्यांनो, हा ग्रह म्हणजे आपला अख्खा सिलॅबस आहे.

शनीवर उभं राहता येत नाही. जमीनच नाही! वर हायड्रोजन आणि हेलियम, खाली जाल तसा दाब वाढत जातो, हायड्रोजनचा द्रव होतो, आणखी खाली तो दाबाने धातूसारखा वागायला लागतो, वीज वाहून नेतो. मध्यभागी खडक आणि बर्फाचा गाभा आहे, पण तोही लाडवासारखा घट्ट नाही. २०२१ मधल्या अभ्यासाप्रमाणे तो विरघळल्यासारखा पसरलाय, ग्रहाच्या साधारण साठ टक्के त्रिज्येपर्यंत. सगळं मिळून घनता दर घनसेंटीमीटरला ०.६९ ग्रॅम. पाण्याहून कमी, आपल्या सागवानाच्या फळीएवढी. ‘शनी पाण्यावर तरंगेल’ हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. मला ते पटत नाही. एवढं मोठं टब आणणार कुठून, आणि आणलं तरी वायूचा गोळा त्यात आकार धरून राहील का? पण घनतेचा आकडा खरा आहे, आणि एवढ्या दुष्ट म्हणवल्या जाणाऱ्या ग्रहाचा तो आकडा लाकडाच्या फळीएवढा निघाला याची मला गंमत वाटते.

दुसरं म्हणजे सूर्याभोवती रेंगाळणारा हा शनैश्चर स्वतःभोवती मात्र वेड्यासारखा फिरतो. त्याचा दिवस साडेदहा तासांचा. विषुववृत्तावरचा ढग ताशी सुमारे ३५ हजार कि.मी. वेगाने गरगरतोय. त्यामुळे तो चपटा झालाय, नजरेला दिसण्याइतका. मधला व्यास एक लाख वीस हजार पाचशे कि.मी., ध्रुवाकडून मोजला तर एक लाख आठ हजार सातशे. फरकच जवळपास बारा हजार, म्हणजे जवळजवळ एक पृथ्वी! फ्लायव्हील जोरात फिरवलं की काय होतं ते आपण प्रॅक्टिकलला पाहतो, तेच.

आणि वजन? ९५ पट वस्तुमान म्हणजे आपण चपाती होऊ असं वाटतं. पण तो फुगलेला इतका आहे की त्याच्या केंद्रापासून ढगांचा थर नऊसाडेनऊ पट लांब पडतो. पंच्याण्णवला त्याच्या वर्गाने भागा, मग फिरण्यामुळे थोडं वजा करा. विषुववृत्तावर आपलं वजन इथल्याहून थोडं कमीच भरेल. पन्नास किलोच्या मुलीचं सुमारे पंचेचाळीस. मेसचं जेवण न सोडता पाच किलो कमी!

तापमान वरच्या ढगांत उणे १४० अंशांच्या आसपास. हे मी आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “अगो बाय, म्हणूनच तर तेल घालतात. थंडीने अंग फुटत असेल त्याचं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि एक सांगते, आजीची मी टिंगल करत नाहीये. ती शनिवारी तेल घालते आणि रविवारी सकाळी सहाला उठून कामाला लागते. वेळ वाईट आहे म्हणून ती कधी बसून राहिलेली मी पाहिली नाही. माझं भांडण त्या बसून राहण्याशी आहे.

शनीच्या उत्तर ध्रुवावर ढगांचा एक षटकोन आहे, खराखुरा, नटाच्या डोक्यासारखा. त्याची एकेक बाजू पृथ्वीच्या व्यासाहून मोठी. व्हॉयेजर यानांच्या फोटोंत तो पहिल्यांदा दिसला, नंतर कॅसिनी यानाने त्याचे झकास फोटो पाठवले. हे कॅसिनी १९९७ मध्ये निघालं, २००४ मध्ये पोचलं आणि १५ सप्टेंबर २०१७ ला मुद्दाम शनीत घुसवून संपवलं. का? तर इंधन संपत आलं होतं आणि ते भरकटून तिथल्या एखाद्या चंद्रावर आदळलं तर तिथे पृथ्वीवरचे जंतू जातील. शेवटच्या महिन्यांत त्याने शनी आणि कड्यांच्या मधल्या फटीतून बावीस वेळा झेप घेतली. मला ही गोष्ट वाचताना रडू आलं होतं. सबमिशनच्या आधीची रात्र होती, कदाचित त्यामुळेही असेल.

आता कडी. ती अखंड चकती नाही हे दुर्बिणीतून कुणी पाहिलं नाही, कागदावर सिद्ध झालं. कुणी केलं? आपल्या चार समीकरणांच्या मॅक्सवेलने! १८५७ मध्ये एका बक्षिसाच्या निबंधात त्याने दाखवलं की घट्ट कडं असतं तर तुटलं असतं, द्रवाचं असतं तर त्याचे गोळे झाले असते, तेव्हा ते सुट्या तुकड्यांचंच असलं पाहिजे. तेव्हा तो पंचविशी-सव्विशीत होता. आज माहीत आहे की हे तुकडे जवळजवळ सगळे पाण्याच्या बर्फाचे आहेत, धुळीच्या कणापासून घराएवढ्यापर्यंत. मुख्य कड्यांचा विस्तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे दोन लाख ऐंशी हजार कि.मी., आणि जाडी? बऱ्याच ठिकाणी दहा मीटरच्या आसपास! म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या तीन मजल्यांएवढी. प्रमाण काढलं तर असं होतं की जर्नलचा एक कागद घ्या, जाडी तीच ठेवून तो पावणेतीन कि.मी. लांबरुंद करा. अख्खा भाट्याचा किनारा झाकून वर उरेल.

आणखी एक मजा. जमीन नसलेल्या ग्रहाचा दिवस मोजायचा कसा? एरवी चुंबकीय क्षेत्राच्या डुलण्यावरून काढतात, पण शनीचा चुंबकीय अक्ष आणि फिरण्याचा अक्ष इतके एकावर एक आहेत की डुलणंच नाही. शेवटी २०१९ मध्ये उत्तर मिळालं ते कड्यांतून. ग्रहाच्या पोटातल्या कंपनांनी कड्यांत लाटा उठतात, त्या वाचून दिवस निघाला दहा तास तेहेतीस मिनिटं अडतीस सेकंद. व्हायब्रेशनचा विषय निरुपयोगी आहे असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. चंद्रांचं तर विचारूच नका. मार्च २०२५ मध्ये एका दमात १२८ नव्या चंद्रांची भर पडली आणि आकडा २७४ वर गेला. आमच्या हॉस्टेलपेक्षा जास्त गर्दी!

हे सगळं वाचून झाल्यावर साहजिकच वाटलं, एकदा प्रत्यक्ष पाहावं. आमच्या फिजिक्सच्या सरांकडे घरची छोटी दुर्बीण आहे. २२ नोव्हेंबर २०२५, अमावास्या नुकतीच झालेली, आकाश स्वच्छ, समुद्रावरून वारा, आणि योगायोगाने शनिवार! सरांनी ग्राउंडवर दुर्बीण लावली. मुलांची ही रांग. मी रूममेटला ओढत नेलं. “साडेसातीवाल्याने बघावं का?” असं ती रस्ताभर विचारत होती.

इथे मला आमच्या खऱ्या साडेसातीबद्दल लिहायचं आहे. लेडीज हॉस्टेलचं गेट संध्याकाळी साडेसातला बंद होतं. बाकी राशींचं मला माहीत नाही, पण ही साडेसाती शंभर टक्के मुलींना लागू आहे, आणि अडीचकीत उतरतही नाही. नंबर लागेपर्यंत सव्वासात झाले. मी डोळा लावला. आणि... कडी नाहीत! एक फिकट पिवळा मणी आणि त्यातून आरपार टोचलेली सुई. बस. दर पंधराएक वर्षांनी पृथ्वी कड्यांच्या पातळीत येते, तेव्हा आपल्याला फक्त त्यांची कड दिसते. २३ मार्च २०२५ ला तसं झालं होतं आणि नोव्हेंबरात ती पुन्हा जवळजवळ तशीच आली होती. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीला दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेलं पाहिलं, आणि १६१२ मध्ये तेच गायब झालेलं पाहून तो चक्रावला. कड्यांचं खरं कोडं हायगेन्सने १६५९ मध्ये सोडवलं. मी चारशे वर्षांनंतर तिथेच उभी होते, आणि मला सरांना शंभर प्रश्न विचारायचे होते. पण सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आम्ही दोघी चपला हातात घेऊन पळत सुटलो. मुलं रात्री अकरापर्यंत बघत होती. त्यांना टायटनही दिसला म्हणे.

त्या रात्री आमच्या हॉस्टेलच्या जिन्याने मी वर गेले. गच्चीच्या दाराला कडी, कडीला कुलूप. सातवीतलं व्याकरण आठवलं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, शनी राखण करतो अशी तिथली श्रद्धा. तिथल्या चौथऱ्यावर बायकांना जायला बंदी होती, तीही एप्रिल २०१६ मध्ये उठली. आणि आम्हाला डोक्यावरचा शनी बघायचा तर कुलूप!

कारणं मला ठाऊक आहेत. मुलींची सुरक्षितता, पालकांची काळजी, मागे कधीतरी कुणीतरी गच्चीवर मोबाइलवर तासन्‌तास बोलत बसायचं. रेक्टर मॅडम वाईट नाहीत, ताप आला तर रात्री स्वतः पेज करून आणतात. पण मॅडम, मुलांच्या हॉस्टेलची गच्ची रात्रभर उघडी असते आणि आमची नाही, याचं कारण सुरक्षितता हे मला पुरेसं वाटत नाही. माझ्या रूममेटला ‘या वर्षी बसून उपयोग नाही’ असं सांगणाऱ्यांनी तिची काळजीच केली होती. काळजीपोटी दार लावून घेतलं की मग आत बसून माणूस जे काय ऐकतो त्यावरच विश्वास ठेवतो. तिने त्या सुईच्या टोकाएवढ्या शनीकडे पुरता दीड मिनिट पाहिलं होतं. परत येताना धापा टाकत म्हणाली, “एवढासा?” नंतर बराच वेळ काही बोलली नाही. मग जेवताना म्हणाली, “त्याला बिचाऱ्याला आपण दिसत पण नसू.”

केटीचा फॉर्म तिने शेवटच्या तारखेनंतर भरला, लेट फीसकट. पाचशे रुपये मीच उसने दिलेत, अजून परत आलेले नाहीत.

तर आमची मागणी साधी आहे. सदतीस मुलींच्या सह्यांचा अर्ज जानेवारी २०२६ मध्ये दिलाय. महिन्यातून दोन रात्री, अमावास्येच्या आसपास, दहापर्यंत गच्ची उघडावी. मॅडमपैकी कुणी बरोबर थांबल्या तर उत्तमच, त्यांनाही दाखवू. पावसाळ्यात काही दिसत नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर कुलूप खुशाल ठेवा. रविवार, ४ ऑक्टोबर २०२६ ला शनी सूर्याच्या बरोबर समोर असेल, म्हणजे संध्याकाळी पूर्वेला उगवून रात्रभर वर. चंद्र मध्यरात्रीपर्यंत येणार नाही. तोवर कडी थोडी उघडलेली असतील, सुईची बारीक पट्टी झालेली असेल. पूर्ण उघडी दिसायला २०३२ उजाडेल. मी तेव्हा कुठे असेन कोण जाणे, पण फर्स्ट इयरच्या मुलींना निदान सुरुवात तरी बघू दे. दुर्बीण द्यायला सर तयार आहेत. स्टँड वर नेताना जिन्याच्या वळणावर अडकतो, त्याचं माप मी घेऊन ठेवलंय, पाय काढले की जातो.

किल्ली वॉचमनकाकांकडे असते. मॅडम “बघू” म्हणाल्यात.